टेलच्या माणसांचा होकार

"पाणी आपल्या पायांनी उताराला जातं. मग सरकार तुम्हाला पगार कशाचा देतं?"

माझ्या धाकट्या मेहुण्याने हा प्रश्न भर पंगतीत विचारला होता. मी तोंडातली जिलबी कशीबशी गिळली आणि म्हणालो, "पाणी उताराला जातं हे खरं. पण प्रत्येक शेतकऱ्याला वाटतं की उतार आपल्याच शेताकडे आहे. त्याची समजूत घालायचा पगार मिळतो." पंगत हसली. मेहुण्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

हल्ली माझी नेमणूक पुण्याच्या कचेरीत आहे. इथे नळाला पाणी येते आणि ते कोणी सोडले असा प्रश्न कोणाला पडत नाही. पण उमेदीची सगळी वर्षे मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कालव्यावर काढली, आधी मोजणीदार म्हणून आणि पुढे दप्तर कारकून म्हणून. त्या नोकरीतले काही लिहा असा आग्रह झाला तेव्हा मी हसवणाऱ्या गोष्टी आठवायला बसलो. त्या आठवल्याही. पण त्यांच्या मागोमाग एक गोष्ट न बोलावता येऊन बसली आणि ती उठायला तयार नाही. म्हणून तीच सांगतो. तिच्यात मी चुकलो हे मला ठाऊक आहे. नेमका कुठे चुकलो, हे मात्र अजून ठरत नाही.

आधी कालवा म्हणजे काय ते सांगायला हवे. धरणावरून सोडलेले पाणी कालव्याने आधी बारामतीच्या अंगाला येते, वाटेतल्या गावांच्या फाट्यांना देत देत पुढे सरकते आणि उरले तर इंदापूरच्या अंगाला शेवटपर्यंत पोचते. साहेबलोक वरच्या अंगाला हेड म्हणतात आणि शेवटाला टेल. पाटकऱ्यांनी हे दोन शब्द इतके आपलेसे केले होते की सोयरीक जमवतानाही "पोरगी टेलची हाय" असे सांगत. ऐकणाऱ्याला कळे की त्या घरी पाणी कमी आणि हट्ट जास्त.

पाटकरी म्हणजे कालव्याच्या एका तुकड्याचा धनी. त्याने भरावावरून फिरायचे, ज्याची पाळी त्याच्या चारीचे, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या लहान पाटाचे, दार उचलायचे, पाळी संपली की पाडायचे, गवत काढायचे, गाळ उपसायचा, उंदरांनी पाडलेली भोके बुजवायची आणि कोणी भराव फोडून पाणी वळवत असेल तर त्याच्याशी भांडायचे. मोजणीदाराने शेतात जाऊन कोणी किती रान भिजवले आणि त्यात काय लावले ते पाहायचे, कारण उसाची पाणीपट्टी वेगळी आणि ज्वारीची वेगळी.

सांगवीच्या एका बागायतदाराने मला आपल्या उसासमोर उभे करून सांगितले होते, "भाऊसाहेब, शाळू लिवा."

"हा ऊस आहे."

"ऊस? न्हाय वो. शाळूच हाय. पानी जरा जास्त झालं, म्हनून आंगानं भरलाय."

"आणि कणसं?"

"येतील की. तुमाला घाई हाय का?"

मी ऊस लिहिला. त्याने राग धरला नाही. एक कांडे मोडून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "खाऊन तर बघा. औंदा शाळू लई ग्वाड हाय."

असे लोक होते. मी त्यांच्यावर रागावलो, हसलो, पण त्यांनी माझी झोप कधी उडवली नाही. ती उडवली आमच्याच माणसांनी.

टेलला भिवा नाईक नावाचे पाटकरी होते. राहणार लोणी देवकरचे, रामोशी, वयाने माझ्याहून बरेच मोठे. बोलणे थोडके आणि तेही समोरच्याच्या तोंडाकडे न बघता, पाण्याकडे बघून. त्यांच्या चौकीजवळ एका विधवा म्हातारीचा वांग्यांचा लहानसा मळा होता. तिची पाळी संपली तरी वाफे भरेपर्यंत ती सरळ दारावर जाऊन बसे, म्हणजे दार पाडता येऊ नये. एकदा मी तिथे असताना हा प्रकार झाला. मी नाईकांना म्हणालो, "वेळ झाली, दार पाडा."

"येळ झाली की. पन म्हातारी उठंना."

"मग उठवा."

नाईक पाण्याकडे बघत म्हणाले, "बाईमानसाला हात लावून उठवायचा सरकारी हुकूम असंल तर दावा, भाऊसाहेब. लगीच उठवतो."

असा हुकूम नव्हता. म्हातारीचे वाफे भरले.

मग मंदी आली. गुळाचा भाव पडला, पाणीपट्टी थकली आणि सरकारने सगळीकडे नोकरांचे पगार कापायला सुरुवात केली. कालव्यावर काट येणार असे कळले तेव्हा आम्ही खालच्या नोकरांनी संघ काढला. अध्यक्ष झाले सांगवीचे विठोबातात्या. हेडवरचे जुने पाटकरी, मोठ्या आवाजाचे, सगळ्यांशी सलोखा असलेले. चिटणीस झालो मी, कारण मला इंग्रजी लिहिता येत होते आणि साहेबांसमोर घाम न येता उभे राहता येत होते.

पहिल्या सभेत बेलभंडार उचलला गेला. आमच्याकडे ही मोठी शपथ. ताटात बेलाची पाने आणि खंडोबाची हळद ठेवतात, जो उचलतो तो बांधला जातो, आणि पुढे शब्द मोडणाऱ्याच्या घरचे पाणीही लोक पीत नाहीत. पण शपथ घ्यायची कशाची, यावर एकमत होईना. एकजण म्हणे संप करू, दुसरा म्हणे संपाचे नाव काढू नका. शेवटी तात्या माझ्याकडे वळले, "भाऊसाहेब, तुमीच शबूद सांगा."

मी सांगितले, "सगळ्यांना विचारल्याशिवाय कोणी हो म्हणायचं नाही."

शब्द सगळ्यांना आवडले. हेडवाल्यांनी उचलला, टेलवाल्यांनी उचलला, मीही उचलला. भंडाऱ्याचा पिवळा डाग माझ्या कोटाच्या बाहीला लागला आणि मला मनातून फार मोठे काही केल्यासारखे वाटले.

कालव्याच्या मोठ्या साहेबांना भेटायला तात्या आणि मी पुण्याला गेलो. साहेबांनी मला खुर्ची दिली, तात्यांना दिली नाही. तात्या उभे राहिले आणि मी बसलो, हे मला त्या वेळी खटकले नाही. साहेब शांतपणे बोलले. म्हणाले, काट टाळता येईल. कारकून, मोजणीदार, पाटकरी, कोणाच्याही पगाराचा दर कमी होणार नाही. फक्त पाटकऱ्यांना ज्या दिवशी त्यांच्या तुकड्यात पाणी असेल त्या दिवसांचाच पगार मिळेल. कोरड्या दिवसांत त्यांनी आपली शेती करावी, मजुरी करावी, खात्याची हरकत नाही. संघाने ही तडजोड मान्य केली तर ठीक, नाहीतर काट सगळ्यांना.

बाहेर येऊन तात्यांनी पानाची चंची उघडली. "मला तर बरं वाटतंय. तुमाला?"

"मलाही," मी म्हणालो.

बरे वाटणारच. तात्यांच्या तुकड्यात वर्षाचे बहुतेक दिवस पाणी असे. मी कारकून, माझा पगार पाण्यावर अवलंबूनच नव्हता. ज्यांच्या तुकड्यात पाणी शेवटी येई आणि लवकर आटे, ते टेलवाले त्या चंचीजवळ नव्हते. त्यांची आठवण मला झाली होती का? झाली होती. मी मनाशी म्हणालो, "ते सभेत बोलतील." यात लबाडी होती असे मला आजही वाटत नाही. पण ते बोलावेत अशी इच्छा होती का, असे कोणी विचारले तर मी गप्प बसेन.

सभा बारामतीला, बाजारच्या दिवशी ठेवली. सूचना तात्यांची, होकार माझा. बाजाराला सगळे येतातच. शिवाय कालवा बंद झाला होता. धरणावरचे दार पडले होते, आणि सभेला जाताना मी पुलावरून खाली पाहिले तर कालव्याच्या उघड्या तळात म्हशी बसल्या होत्या. आता सगळे पाटकरी मोकळे, असे मी धरून चाललो.

इथे माझी चूक झाली, आणि ती कालव्यावर राहणाऱ्यालाच करता येईल अशी आहे. धरणावर दार पडले की हेडचा कालवा आधी उघडा पडतो. पण तळातले पाणी पुढे चालतच असते, आणि बारामतीला म्हशी बसतात तेव्हा इंदापूरच्या अंगाला तेच पाणी दारांपाशी पोचलेले असते. पाणी उतरतीला लागलेले, पुढची पाळी कधी येईल ते ठाऊक नाही, त्यामुळे प्रत्येक शेतकरी कुदळ घेऊन भरावावर उभा. टेलच्या पाटकऱ्याला सगळ्या वर्षात ज्या दिवसांत जागचे हलता येत नाही, ते नेमके हे दिवस. हे मला शिकवायला कोणी नको होते. टेलला पाणी किती आहे याची खबर रोज माझ्याच टेबलावर येत होती. त्या दिवशी सकाळीही ती आली होती. मी ती वाचली, बाजूला ठेवली आणि सभेला गेलो.

सभेत कोणीतरी विचारले, "टेलवाली कुठं हायत?"

"यायला लागली असतील, वाट लांब हाय," तात्या म्हणाले.

आम्ही थोडी वाट पाहिली. भजी आली, ती संपली. बाजार उठायला लागला आणि लोकांना घरी जायची घाई झाली. मी तडजोड वाचून दाखवली. हात वर झाले. विरोधात एकही नव्हता. मी साहेबांना कळवले की संघाचा होकार आहे.

पाणी आटल्यावर भिवा नाईक चालत बारामतीला, माझ्या घरी आले. ओसरीवर बसले. बायकोने चहा आणून ठेवला.

"सभा झाली म्हनं," नाईक म्हणाले.

"झाली. सांगावा पाठवला होता मी."

"आला की सांगावा. त्येच दिशी पानी बी आलं."

"मग कोणी दोघांना तरी पाठवायचं होतंत."

"कुनाला? हिकडं भरावावर कुदळी घिऊन मानसं उभी. एक मानूस कमी झाला असता तर भराव ऱ्हायला असता व्हय?" ते अंगणाकडे बघत बोलत होते. "तुमी म्हनला हुता, सगळ्यास्नी इचारू."

"जे आले त्यांना विचारलं, नाईक."

"व्हय. जे आलं त्यांस्नी."

मी साहेबांची अट समजावून सांगू लागलो, काट टळली हे सांगितले, तडजोड नसती तर टेलवाल्यांनाही काट बसलीच असती हे सांगितले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. नाईकांनी सगळे ऐकून घेतले आणि उठले. चहा त्यांनी घेतला नव्हता. तो गार झालेला कप आत नेताना बायको म्हणाली, "त्यांना चहा चालत नाही का?" मी म्हणालो, "चालतो." आणि मग मला बेलभंडाराचा अर्थ कळला.

पुढच्या पगाराला मी आणि शिपाई छकड्यातून टेलच्या चौकीवर गेलो. सगळे पाटकरी हजर होते. रामराम झाला. मी नाव पुकारले, कोणी पुढे आले नाही.

"पगार घ्या," मी म्हणालो.

"काम करू," नाईक म्हणाले, "पगार घेनार न्हाय. अंगठा दिला म्हंजी हो म्हनल्यासारकं हुतंय."

काम बंद करणारे लोक मी ऐकले होते. काम करून पगार नाकारणारे पहिल्यांदाच पाहत होतो. मी एकेकाला विचारत सुटलो, की नाईकांचे राहू द्या, तुमचे काय म्हणणे आहे? आणि गोंधळलो, कारण प्रत्येकाचे म्हणणे वेगळे. एक म्हणाला, तडजोडीत पितळी बिल्ला गळ्यात घालायची अट आहे. दुसऱ्याने ऐकले होते की जो अंगठा देईल त्याची धरणावर बदली. तिसरा म्हणाला, "मला तर ती तडजोड ग्वाडच वाटती. पन घरातनं सांगितलंय, समद्यांच्या आधी घिऊ नको." एक तरणा गडी नुसताच म्हणाला, "आमी टेलवाली हावो." जणू त्यात सगळे आले.

बिल्ला नाही, बदली नाही, असे मी शपथेवर सांगितले. शपथ हा शब्द ऐकून दोघेतिघे हसले. नाईक हसले नाहीत. मी पगार परत घेऊन आलो.

साहेबांचा हुकूम लगेच आला. अंगठा नाही म्हणजे हजेरी नाही. पुढचा पगारही नाकारला तर पुढची पाळी सुटण्याआधी ती सगळी नावे कमी करावीत आणि नवी माणसे भरावीत. भरायला माणसे किती तरी होती. मंदीत कचेरीच्या दाराशी रोज कोणी ना कोणी बसलेले असे.

मी तात्यांकडे गेलो. ते भरावावर गवत काढत होते.

"तात्या, सभेचा दिवस आपला चुकला. टेलला पाणी होतं."

"हुतं की," तात्या खुरपे न थांबवता म्हणाले.

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी वर पाहिले. "आन् तुमाला ठाऊक न्हवतं व्हय?"

त्यांनी खुरपे खाली ठेवले. मग तात्या नरमाईने म्हणाले, "भाऊसाहेब, ती आली असती तर न्हाय म्हनली असती. मग काट समद्यांस्नी. माझ्या घरात खानारी तोंडं किती, तुमाला दिसत्यात. मी काय वंगाळ केलं?"

त्यांनी वाईट केले असे मला वाटत नव्हते. चांगले केले असेही वाटत नव्हते. माझ्या घरातही खाणारी तोंडे होतीच.

दिवस जात होते. टेलच्या माणसांच्या बायका ऊसतोडीला आणि गुऱ्हाळांवर जाऊ लागल्याचे ऐकू येत होते. वाण्याने उधारी बंद केली, एका घरची शेळी विकली गेली, एकाने पोरीचे लग्न पुढे ढकलले. अशा बातम्या शिपाई आणी, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे करी. आणि तरी ते लोक कोरड्या कालव्यातले गवत काढतच होते. मी नाईकांना सांगावा धाडला, की तुम्हाला हवे तरी काय? उत्तर आले: "हितं या. सभा हितं घ्या. आमाला इचारा."

हे ऐकून तात्या भडकले. "आता काय इचारायचं? होकार सायबाकडं गेलाय. ती न्हाय म्हनली म्हंजी? कुठल्या तोंडानं सायबाम्होरं जानार तुमी?"

ही भीती खरी होती. त्यांनी नाही म्हटले असते तर मला पुण्याला जाऊन सांगावे लागले असते की संघाचा होकार खोटा होता. तडजोड मोडली असती, सगळ्यांना काट बसली असती, चिटणीस म्हणून माझी नोकरी राहिली असती की नाही कोण जाणे. आणि मी गेलो नसतो तर टेलची सगळी माणसे कमी झाली असती. शेवटी पुढचा पगार घेऊन मी टेलला निघालो, आणि रस्ताभर दोन्ही बाजूंनी विचार केला. छकड्याच्या एका बाजूला बसलो की एक खरे वाटे, दुसऱ्या बाजूला सरकलो की दुसरे. हाकणाऱ्याने शेवटी विचारले, "भाऊसाहेब, ढेकूण चावत्यात का?"

चौकीपुढे लिंबाची सावली होती. सगळे बसले. ती वांग्यांवाली म्हातारीही कडेला येऊन बसली; सभा म्हणजे काय ते तिला बघायचे होते. मी उभा राहिलो. तडजोड पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, काही न सजवता. कोरड्या दिवसांचा पगार जाईल आणि तो मुख्यतः टेलवाल्यांचा जाईल, हेही सांगितले. माझा आणि तात्यांचा पगार तुमच्या कोरड्या दिवसांवर वाचला, हे वाक्य मी घरून ठरवून आलो नव्हतो, पण ते तोंडातून गेले. मग म्हणालो, "त्या दिवशी टेलला पाणी होतं. तुम्हाला येता येणार नव्हतं. ती सभा खरी नव्हती. आता विचारतो. तुम्ही नाही म्हणालात तर मी साहेबांना तसं सांगेन."

एकाने विचारले, "हात वर म्हंजी व्हय का न्हाय?"

"हात वर म्हणजे होय. तडजोड मान्य."

कोणी हलेना. म्हातारीने पदराने तोंड पुसले. मी मनात पुण्याचा रस्ता धरला होता, साहेबांपुढची वाक्ये जुळवत होतो. आणि पहिला हात वर झाला तो भिवा नाईकांचा.

मला वाटले, त्यांना नीट ऐकू आले नाही. मी पुन्हा म्हणालो, "हात वर म्हणजे होय, नाईक."

"कळलंय," नाईक म्हणाले. हात तसाच.

मग एकेक करून सगळे हात वर आले. त्या तरण्या गड्याने शेवटी वर केला, तोही नाईकांकडे बघून, आणि त्याचे डोळे भरले होते. विरोधात एकही नव्हता, बारामतीसारखेच. त्याच दुपारी सगळ्यांनी पगार घेतला. कोणाचे नाव कमी झाले नाही. पुढची पाळी सुटली तेव्हा टेलला तीच माणसे होती, आणि तडजोड आजही चालू आहे. संघाच्या समारंभात ती कशी घडली हे सांगताना लोक माझे नाव घेतात, टेलवाल्यांनी आधी विरोध केला पण चिटणिसांनी त्यांचे मन वळवले, असे सांगतात. मी टाळ्या ऐकत बसतो.

पण त्या दुपारी सगळे पांगल्यावर मी नाईकांना भरावावर गाठले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो होत नव्हता.

"नाईक, होच म्हणायचं होतं, तर इतकं सगळं कशापायी केलंत? लोकांचे हाल झाले."

ते कोरड्या कालव्याकडे बघत होते. "इचारलं न्हवतं."

"मग त्या दिवशी, टेलला पाणी नसतं, तुम्ही सभेला आला असतात आणि मी विचारलं असतं तर? हेच म्हणाला असतात ना?"

"न्हाय. तवा न्हाय म्हनलो असतो."

"आणि आता?"

"तवा घरात दानं हुतं." नाईकांनी डोक्याचा पटका सोडून पुन्हा गुंडाळायला घेतला. "तवा न्हाय म्हनायचं बळ हुतं. आता इचारलं. आता हो म्हनावं लागतंय."

त्यांनी आपला नकार आयुष्यभरासाठी माझ्याकडे ठेवून दिला आणि होकार साहेबांना दिला, असे काहीसे मला वाटले. पण ते शब्दांत धरता येईना. मी केलेली दुसरी सभा ही पहिलीची भरपाई होती, की पहिलीने जे अर्धे केले ते तिने पुरे केले? मी खऱ्या मनाने विचारले होते. विचारायची वेळ मात्र अशी होती की उत्तर एकच येऊ शकत होते. तात्या जिंकले होते, साहेब जिंकले होते, नाईकांनाही जे मागितले ते मिळाले होते. मग हरले कोण?

"नाईक," मी शेवटी म्हणालो, "मग या होकाराला मी काय समजू?"

त्यांनी पटक्याचे टोक खोचले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच पाण्याच्या जागेवरून नजर काढून माझ्या तोंडाकडे पाहिले.

"आता ते बी आमालाच इचारता व्हय, भाऊसाहेब?"

आणि ते भराव उतरून गेले.